शास्त्रीय संगीतात करिअर करायचंय? नागपूरच्या पोट्ट्यांचे आणि त्यांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी हार्मोनियम वाजवतो, साथ करतो, संध्याकाळी थोडं शिकवतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं टाइप करून ठेवून राहिलो. हे हिंदुस्थानी संगीताबद्दल आहे, गायन आणि वादन दोन्ही. वेस्टर्न शिकणाऱ्यांनी यातलं पैशाबिशाचं तेवढं घ्यावं, बाकीचं सोडून द्यावं.

मुलगी आठवीत आहे, सर म्हणतात गळा चांगला आहे. आत्ताच ठरवायचं का?

नाही. गोड गळ्याची मुलं धरमपेठेपासून दिघोरीपर्यंत प्रत्येक गल्लीत आहेत, स्नेहसंमेलनात टाळ्या पण मिळतात, त्यावरून काहीच ठरत नाही. आठवीत बघायचं ते हे की कोणी न सांगता बसते का, तेच पलटे (सरगमचे सराव) चौथ्या दिवशी पण करते का, आणि घरी स्वतःहून काही ऐकते का. ऐकणं फार महत्त्वाचं आहे बरं का, मोबाईलवर सगळं फुकट असताना एकही बडा ख्याल (संथ लयीत राग मांडणारी मोठी बंदिश) शेवटपर्यंत न ऐकलेली मुलं विशारदच्या परीक्षेला बसतात, हे मी बघतो.

आणि "ही कलाकार होईल का" हा प्रश्न सोडूनच द्या. त्याचं उत्तर कोणाकडेच नाही, गुरुजींकडे पण नाही. "तिशी-पस्तिशीपर्यंत हिची तालीम, म्हणजे गुरूसमोर बसून शिकणं, चालू कशी राहील" असा विचार केला तर त्याची सोय करता येते. ख्याल हा प्रकारच असा आहे की पंचविशीत जरा कुठे सुरुवात होते. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे ना, तो ४० वर्षांपर्यंतच्या कलाकारांना देतात, म्हणजे आपल्या लाइनीत चाळिशीपर्यंत माणूस 'युवा'च असतो. खाली जे जे लिहिलंय ते याच एका हिशेबानं लिहिलंय: तालीम टिकते की तुटते.

दहावीनंतर सायन्स की आर्ट्स?

नागपुरात हा प्रश्न जास्तच अवघड, कारण इथे आठवीपासूनच जेईई-नीटचे क्लास लागतात. मुलाला सायन्स आवडत असेल तर खुशाल घ्या, अडचण सायन्सची नाहीच, अडचण त्या पॅकेजची आहे ज्यात पोरगं सकाळी सातला निघतं ते रात्री आठला परत येतं आणि दोन वर्षं तानपुरा कपाटावर पडून राहतो. सोळा ते अठरा या वयात दोन वर्षं पूर्ण बंद पडलं की परत सुरू करणारे फार कमी. मी तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

रोज सकाळी दीड-दोन तास आणि आठवड्यातून दोनदा गुरूकडे जाणं, एवढं शाबूत राहील अशी कोणतीही शाखा चालते. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांची बायोकेमिस्ट्रीत पीएचडी आहे. गायिका प्रभाताई अत्र्यांनी विज्ञान आणि कायदा दोन्हीचं शिक्षण घेतलं होतं. आपले डॉ. वसंतराव देशपांडे, ज्यांच्या नावाचं सभागृह सिव्हिल लाइन्सला आहे, ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करत होते आणि पूर्णवेळ गाण्याकडे चाळिशी ओलांडल्यावर वळले. पण आईबाबांनो, ही नावं मुलांना "बघ, त्यांनी दोन्ही केलं" असं सुनवायला वापरू नका प्लीज.

विशारद झालं की झालं ना? ती डिग्रीच आहे ना?

नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा अशा चढत जातात: प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, आणि शेवटी अलंकारचे दोन टप्पे. दरवर्षी एक दिली तरी विशारद पूर्ण व्हायला सात वर्षं. याला मान आहे, क्लास काढायला, शाळेत पार्टटाइम शिकवायला उपयोग होतो, दहावीला वाढीव गुण पण मिळतात (त्याचा प्रस्ताव शाळेतून वेळेत जातो की नाही यावर लक्ष ठेवा, शाळा विसरतात). पण विद्यापीठाची पदवी वेगळी. काही ठिकाणी पदवी अधिक विशारद यावर एमएला घेतात, काही ठिकाणी नाही, ते त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघावं लागतं.

अजून एक. परीक्षेचं गाणं आणि मैफलीचं गाणं यात फरक आहे. परीक्षेत डझनभर राग तयार ठेवायचे, प्रत्येक थोडा थोडा, परीक्षक म्हणाले की लगेच दुसरा. मैफलीत एकच राग पाऊण तास. नुसत्या परीक्षा देत गेलेल्या मुलाला "बिहाग अर्धा तास गा" म्हटलं की दहाव्या मिनिटाला आलापी (राग सावकाश उलगडणं) संपते आणि मग तो ताना मारत सुटतो, कारण दुसरं काही शिल्लकच नसतं. साथीला बसलो की हे लगेच कळतं. त्यामुळे दरवर्षी परीक्षा दिलीच पाहिजे असं काही नाही, मध्ये एखादं वर्ष सोडून चार राग नीट मुरवले तर नुकसान होत नाही, उलट पुढची परीक्षा सोपी जाते.

मग संगीतात डिग्री कुठे करायची?

नागपूर विद्यापीठाशी जोडलेल्या काही कॉलेजांत बीएला संगीत विषय मिळतो, पुढे एमए आहे, घरी राहून होतं, खर्च कमी. बाहेर जायचं तर सगळ्यात जवळ खैरागड, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, १९५६ सालचं, पूर्ण विद्यापीठच कलांसाठी. नागपूरहून रायपूरकडची गाडी पकडायची, राजनांदगावला उतरायचं, पुढे रस्त्यानं तासाभराचा प्रवास. छोटं गाव आहे, करमणुकीला काही नाही, रियाजाला याहून चांगलं काय पाहिजे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे गुरुकुल पद्धतीवर भर आहे. बडोदा, बनारस, ग्वाल्हेर, लखनौ हेही आहेत.

डिग्रीने गाणं येत नाही हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण डिग्री नसली की नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) देता येत नाही, कॉलेजात लागता येत नाही, केंद्रीय विद्यालयाचा फॉर्म भरता येत नाही. म्हणून कागदासाठी डिग्री करा, गाण्यासाठी गुरू ठेवा, दोन्ही चालू ठेवा.

नागपुरात राहून होतं का, की पुण्या-मुंबईला जावंच लागतं?

ख्यालगायक उल्हास कशाळकर यांचंच बघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. नागपूर विद्यापीठातून संगीतात एमए केलं, नागपुरात राजाभाऊ कोगजे आणि पी. एन. खर्डेनवीस यांच्याकडे शिकले, मग राम मराठे आणि गजाननबुवा जोशी यांची तालीम, मधली काही वर्षं आकाशवाणीत नोकरी, आणि १९९३ पासून कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू. म्हणजे पाया इथे पक्का झाला आणि पुढच्या तालमीसाठी बाहेर गेले. वसंतरावांची सुरुवातीची तालीम पण नागपूरचीच, शंकरराव सप्रे यांच्याकडची, आणि त्याच सप्रे गुरुजींकडे संगीतकार सी. रामचंद्र पण शिकलेत.

माझं मत असं की विशीपर्यंत घाई नको. पुण्यात गेलं की कार्यक्रम मिळतात हा गैरसमज आहे, पुण्यात ऐकायला भरपूर मिळतं हे मात्र खरं, आणि तुमच्यासारखेच शंभर जण रांगेत असतात हेही खरं. नागपुरात उलट आहे. चांगली साथ करणारे, चांगलं शिकवणारे कमी, त्यामुळे तयार मुलाला काम लवकर मिळतं. गुरूच म्हणाले की "माझ्याकडचं आता झालं, अमक्यांकडे जा", तेव्हा जायचं. नुसता कंटाळा आला म्हणून गेलेले वर्षभरात परत येतात, फ्लॅटचं भाडं भरता भरता क्लास काढतात आणि ज्या गुरूसाठी गेले त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जातात.

इथे असताना ऐकायचं सोडू नका. वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, रेशीमबागचं सुरेश भट सभागृह, कुठे काय आहे यावर लक्ष ठेवा. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं ऑफिस आपल्याच शहरात आहे, वसंतरावांच्या स्मृतीचा समारोह तेच करतात. पुष्कळदा प्रवेश मोकळा असतो आणि तरी मागच्या दहा रांगा रिकाम्या. संगीत शिकणारी पोरं कुठे असतात त्या वेळी, मला खरंच कळत नाही.

गुरू कसा ओळखायचा?

समोर बसवून गातात का, की नोटेशनची झेरॉक्स देतात. चूक झाली की थांबवतात का. दुसऱ्याचं गाणं ऐकू देतात का. आणि त्यांचे जुने शिष्य पाच वर्षांनी कुठे आहेत. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

फी जास्त म्हणजे तालीम चांगली असं नाही, आणि "गुरू फी घेत नाहीत" हेही नेहमी स्वस्त पडत नाही, त्यात वेळेचा हिशोब राहत नाही. गंडाबंधनाची (गुरूनं गंडा बांधून रीतसर शिष्य करून घेण्याची) घाई करू नका, आधी दोन-तीन वर्षं शिकून बघा. मुलगा-मुलगी लहान असेल तर क्लासला पालकांनी मध्येच जाऊन बसलेलं चाललं पाहिजे, ते ज्यांना चालत नाही तिथे पाठवू नका, मग नाव कितीही मोठं असो.

स्कॉलरशिप आहेत का काही?

आहेत आणि लोक फॉर्मच भरत नाहीत. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे, रक्कम फार मोठी नाही, पण मिळाली की पुढे वाढवत नेता येते आणि बायोडेटात चांगली दिसते. १८ ते २५ वयासाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं. त्याला गुरूकडे आधी किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, त्यामुळे गुरूचं पत्र, जुन्या परीक्षांची सर्टिफिकेटं, कार्यक्रमांच्या पत्रिका एका फाइलीत जपून ठेवा. त्यानंतर फेलोशिप असतात. आयटीसी अकादमीत ऑडिशनने निवड होते, शिष्यांची राहण्याची सोय आणि विद्यावेतन असतं, पण तिथे जायचं म्हणजे बाकी सगळं बाजूला ठेवून जायचं.

आकाशवाणीची ऑडिशन अजून कोणी देतं का?

देतं आणि द्यावी. नागपूर केंद्र १९४८ सालचं आहे, विदर्भातल्या कितीतरी कलाकारांचा पहिला माइक तोच. ग्रेड बी पासून सुरू होते, मग बी हाय, ए आणि टॉप. फॉर्मसोबत रागांची यादी द्यायची असते आणि त्यातला कोणताही राग विचारू शकतात, म्हणून यादी फुगवू नका. जे येतं तेच लिहा. यादीत ऐटीत अवघड राग टाकायचे आणि तोच निघाला की घाम फुटायचा, असं दर वेळी कोणाचं तरी होतंच.

बी ग्रेडवर घर चालत नाही, वर्षातून मोजकीच बोलावणी येतात. पण कुठल्याही आयोजकाला "आकाशवाणीचा ग्रेडेड कलाकार" एवढं पुरतं, चार ओळींचा बायोडेटा लिहायची गरज पडत नाही. पूर्वी स्टाफ आर्टिस्ट म्हणून नोकरी लागायची, आता त्या भरवशावर राहू नका.

खरं खरं सांगा, पैसे कुठून येतात?

नुसत्या मैफलींवर जगणारे देशभरात थोडे आहेत. बाकी सगळ्यांचं पाच-सहा ठिकाणांहून येतं आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं. शिकवण्या. साथसंगत. शाळेत किंवा कॉलेजात तासिका. गणपती-नवरात्रातली भक्तिसंगीताची, दिवाळी पहाटची कामं. डान्स क्लासला तबला-लेहरा (तालासोबत पेटीवर फिरत राहणारी धून). स्टुडिओतलं एखादं रेकॉर्डिंग. परीक्षक म्हणून जाणं.

यात सीझन असतो, हे घरच्यांना आधीच सांगा. गणपतीपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कामं, मग परीक्षा, मग उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीत कोण कार्यक्रम ठेवणार, मुलं मामाच्या गावाला गेली की शिकवण्या पण अर्ध्या. म्हणून दिवाळीतले पैसे उन्हाळ्यासाठी बाजूला काढायची सवय पहिल्या वर्षापासून लावा.

मानधन किती मागायचं हे नवीन मुलांना कळत नाही. "एक्स्पोजर मिळेल" वाल्यांकडे एकदा जा, दुसऱ्यांदा निदान येण्याजाण्याचे पैसे मागा. मांडवाला पैसे आहेत, साउंडला आहेत, जेवणाला आहेत, शालीला आहेत, आणि फक्त गाणाऱ्याला सेवा करायची असते, हे काही पटत नाही. आणि मुख्य कलाकार तुम्ही असाल तर साथीदारांचं मानधन आधी बोलून घ्या आणि त्याच रात्री द्या. "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्याचं नाव आमच्यात लगेच फिरतं.

गायचंच आहे, मग साथ कशाला शिकायची?

गाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीनं पेटी हातात बसेपर्यंत शिकावी, आणि तबल्याचे ठेके तरी वाजवता यावेत. मी पेटीवाला आहे म्हणून म्हणतो असं वाटेल, वाटू द्या. हीच पेटी आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंद होती, सूर ठोकळेबाज म्हणून, तरी घराघरात तीच राहिली.

फायदा काय तर विशीत गायक म्हणून तुम्हाला कोणी बोलावत नाही, पण बरी साथ करणाऱ्याला बोलावतात. आणि साथीला बसलं की मोठ्या कलाकाराचं गाणं दोन हातांवरून ऐकायला मिळतं, तो बंदिश कशी मांडतो, सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तर कसा सावरतो, घसा बसला असेल तर काय गातो आणि काय टाळतो. मागे तानपुऱ्यावर बसणं तर त्याहून चांगलं. दोन-अडीच तास काही न बोलता जवारीत (तानपुऱ्याच्या झंकारात) कान ठेवून बसायचं, पाय मुंग्यांनी भरून जातात, आणि घरी येताना डोक्यात एखादी जागा पक्की बसलेली असते. हे फुकट मिळालं तरी सोडू नका.

धोका पण सांगतो. साथीची कामं वाढली की गाणं मागे पडतं. महिन्यात पंधरा दिवस भजनी कार्यक्रमाला पेटी वाजवणाऱ्याचा स्वतःचा ख्याल कधी होणार? तेव्हा पहिल्या वर्षीच गुरूशी बोलून आकडा ठरवून घ्या, महिन्यात इतकी कामं, त्यापुढे नाही म्हणायचं.

ऑनलाइन क्लासमध्ये खूप पैसे आहेत म्हणतात?

आहेत, लॉकडाऊननंतर बऱ्याच जणांचं घर त्यावर चालतं. परदेशातली मराठी मुलं मनापासून शिकतात पण. फक्त वेळ बघा. कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेसहा. म्हणजे तुमच्या खर्जाच्या (खालच्या सुरांच्या रियाजाच्या) वेळेत तुम्ही दुसऱ्याच्या मुलाला सरगम शिकवून राहिले. आठवड्यात दोन सकाळी ठीक, सहाच्या सहा सकाळी विकल्या तर दोन वर्षांत आवाजावर दिसतं.

आणि नेटवर आवाज उशिरा पोचतो त्यामुळे दोघांनी एकत्र ताल धरणं जमत नाही, विद्यार्थ्यानं तिकडे तबल्याचं ॲप लावायचं आणि तुम्ही फक्त ऐकायचं. सुरुवातीचे स्वर शिकवायला चालतं, लयकारी शिकवायला कठीण.

सरकारी नोकरी?

केंद्रीय विद्यालयात प्राथमिकला संगीत शिक्षक असतात, नवोदय विद्यालयात असतात, कॉलेजात प्राध्यापक व्हायला एमए आणि नेट किंवा सेट. जागा कमी आणि वर्षांनी निघतात, मधल्या काळात तासिका तत्त्वावर. विशारद चालते की पदवीच लागते हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, नीट वाचा. शाळेची नोकरी लागली तर कमीपणा मानू नका, दुपारी सुटते, संध्याकाळ आपली असते. फक्त शाळेत दिवसभर समूहगीतं ओरडून शिकवली की संध्याकाळी गळा उरत नाही, तेव्हा शाळेत पेटीवर वाजवून दाखवा, स्वतः कमी गा.

रियालिटी शोला पाठवू का?

हौस म्हणून पाठवा. शिक्षण म्हणून नाही. दीड मिनिटात वरचा सूर लावून दाखवायचा तो खेळ आहे आणि त्यात नाव झालं तर कामं मिळतात हे खरंय. पण परत आल्यावर त्याच मुलाला विलंबित (संथ) एकतालात बसवणं फार जड जातं. चौदाच्या आतल्यांना तर नकोच, माझं मत.

इन्स्टा, यूट्यूब?

टाका, पण अर्ध्या मिनिटाच्या तानांसोबत एखादं पूर्ण वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग पण ठेवा, कारण आयोजक लिंक मागतो तेव्हा त्याला रील नको असतं. मोबाईल स्टँडवर, पंखा बंद, तबला आवाज खाऊन टाकणार नाही इतका लांब. एवढं पुरतं.

उन्हाळ्यात रियाज कसा करायचा? कूलरच्या आवाजात काही ऐकूच येत नाही.

हा शुद्ध नागपुरी प्रॉब्लेम आहे आणि याचं उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. कूलरचा स्वतःचा एक सूर असतो आणि नकळत गळा तिकडे सरकतो, तानपुरा ॲप काळी चारला (पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला) लावलेलं आणि मुलगी भलतीकडेच. म्हणून कूलर रियाजाच्या आधी अर्धा तास चालवून खोली थंड करा आणि मग बंद करा. पहाटे पाच ते सात हीच खरी वेळ, त्यानंतर भिंती तापतात.

तबलावाल्यांचं दुखणं वेगळं. कोरड्या उन्हात पुडी (तबल्याचं कातडं) ताणली जाते आणि तबला चढतो, कूलरची ओली हवा लागली की तोच तबला उतरतो, म्हणजे एकाच दुपारी दोनदा गठ्ठे (सूर लावायचे लाकडी ठोकळे) ठोकायचे. कूलरच्या झोताच्या रेषेत तबला ठेवूच नका, आणि गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नाही. पेटीचं लाकूड पण आकसतं, भात्यातून हवा जायला लागते, उन्हाळ्यात वरून जाड कापड टाकून भिंतीपासून लांब ठेवा. शेजाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना वेळ सांगून ठेवा. रोज ठरलेल्या वेळी आवाज आला तर लोक सवय करून घेतात, कधीही आला तर भांडतात.

मुलाचा आवाज फुटलाय, सगळं संपलं का?

काही संपलं नाही. बारा ते पंधराच्या मध्ये हे होणारच, मुलांचा आवाज जवळपास सप्तकभर खाली उतरतो. काल काळी पाचमध्ये गाणारा पोट्टा उद्या काळी एकवर येईल. या काळात वरच्या सुरांची जबरदस्ती नको, हळू आवाजात मध्य सप्तक, थोडा खर्ज, आणि उरलेला वेळ तबला-पेटीला. स्पर्धा बंद. आवाज कोणत्याही वयात तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर मात्र ज्येष्ठमध-हळद करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

मुलगी आहे. पुढे लग्न झालं की सुटतं म्हणतात, मग एवढा खर्च कशाला?

हा प्रश्न मला मुलाच्या आईबाबांनी एकदाही विचारलेला नाही.

सुटतं ते लग्नानं नाही, रियाजाची खोली आणि वेळ जाते म्हणून सुटतं. मुलीनं लग्नाआधी बाकीचं ठरवताना "सकाळचे दोन तास माझे" हे पण स्पष्ट बोलून घ्यावं, मोठ्या आवाजात सांगायची गरज नाही, पण सांगायचं. आणि रात्रीच्या कार्यक्रमाची ने-आण कोण करणार हे आधी ठरवा, आयोजकाकडून गाडीचे पैसे मागून घ्या, ते मागायला लाजू नका. क्लास सासरच्या गावात पण चालू होतो, अमरावतीत, वर्ध्यात, यवतमाळात कितीतरी ताया नुसता स्वतःच्या क्लासवर उभ्या आहेत आणि त्यांच्याकडची पोरं चांगली तयार होऊन येतात.

टॅक्सचं काय असतं?

संस्था मानधन देताना रक्कम मोठी असेल तर दहा टक्के टीडीएस कापते. पॅन द्या, वर्षाअखेरीस रिटर्न भरा, उत्पन्न कमी असेल तर ते परत मिळतं. आमच्यातले निम्मे लोक रिटर्नच भरत नाहीत आणि स्वतःचे पैसे सरकारकडे सोडून देतात. शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. आणि पुढे घराचं नाहीतर शिक्षणाचं लोन घ्यायचं असेल तर बँक रिटर्नच मागते, "मी गातो" ऐकून कोणी देत नाही.

तिशीपर्यंत करून बघितलं आणि कलाकार म्हणून नाही जमलं तर?

तर तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षांचा तयार कान असतो. आकाशवाणी-स्टुडिओचं ध्वनिमुद्रण, साउंड, कार्यक्रमांचं संयोजन, संगीतावर लिहिणं, निवेदन, शाळा, नाटकाचं संगीत, वाद्यदुरुस्ती. वाद्यदुरुस्तीचं तर गंभीरपणे सांगतो, विदर्भात पेटी उघडून सूर लावणारे आणि तानपुऱ्याची जवारी काढणारे इतके कमी आहेत की लोक महिनामहिना वाट बघतात, आणि शिकलेली मुलं हे काम हलकं समजतात. म्युझिक थेरपीच्या दोन-तीन महिन्यांच्या कोर्सपासून जरा जपून, सर्टिफिकेट मिळतं, हॉस्पिटल विचारत नाही.

तानपुरा कुठून घ्यायचा?

मिरजेहून. तिथल्या सितार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग पण मिळाला. नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट मिरजेला जाते, प्रवास लांब आहे पण स्वतः जाऊन, चार तानपुरे छेडून, आपल्या पट्टीचा निवडून आणा. मुलगा असेल तर आवाज फुटून स्थिर झाल्यावरच घ्या, नाहीतर पट्टी बदलते आणि बायकी (उंच पट्टीचा) तानपुरा तसाच पडून राहतो. तोपर्यंत ॲप चालतं, फक्त मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर नको, एखादा बरा स्पीकर जोडा. येताना तारांचे दोन-तीन जास्तीचे सेट आणा, आणि परतीच्या गाडीत तो आडवा बर्थखाली सरकवू नका, भोपळा फुटतो. वरच्या बर्थवर आपल्या डोक्याशी ठेवा, स्वतः पाय दुमडून झोपा.